दिवेलागणीची गोळी

माझ्या हाकेबिगर आमची गल्ली उठत न्हवती, हे मी फुशारकीनं सांगत न्हाय. निपाणीत कुणालाबी विचारा. तंबाखूच्या वखारीचं फाटक भोंगा संपला की बंद. मंग तुम्ही भाईर रडा न्हायतर नाचा, मेस्त्री भरमू आतनं दात कोरत बघत ऱ्हाणार आन म्हणणार, "उद्या या." एक खाडा पडला की संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं हा सवाल. आन गल्लीत घड्याळ कुणाकडं? ज्याच्याकडं व्हतं त्याचं बंद व्हतं. म्हणून आमच्यात उठवणं चालायचं. एकीनं उठायचं आन बाकीच्यांना उठवायचं. ते काम माझ्याकडं कुणी दिलं न्हाय, आपसूक आलं. मला जाग यायची.

कोंबडंसुदिक झोपल्यालं असायचं तवा मी काठी घेऊन भाईर पडायची. उंबऱ्यावर काठी आपटायची, नाव घ्यायचं, आन आतनं "उठले गं आक्का" असं येईस्तवर हलायचं न्हाय. नुसतं "हं" चालत न्हाय. "हं" म्हणून बाया परत कूस बदलत्यात. पुरा शब्द पायजे. नागुबाईच्या दारात तर मला तोंड सोडाय लागायचं. "ऊठ गं म्हशी, का तुझी धार काढाय गवळी बोलवू?" मंग ती आतनं तसलीच तोलामोलाची घालणार, मंग मी पुढं जाणार. शेवंताक्का हाय म्हणून आपुन वखारीत हाय, असं बाया म्हणायच्या. मला ते ऐकाय लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आणीबाणी उठली त्याच्या फुडल्या साली माझा सत्याप्पा बेळगावात सरकारी हापिसात कारकून झाला. एकुलतं एक पोर. बाबासाहेबांच्या फोटूखाली कंदील ठेवून शिकल्यालं. आईनं तंबाखू चाळली आन पोरगं खुर्चीवर बसलं, गल्लीनं पेढे खाल्ले. आता तुम्हीच सांगा, रडाय काय कारण व्हतं? नवरा जाऊन कैक वर्सं झालीती. तवा मी रडले न्हवते, येळच न्हवता. आन आता समदं सरळ झाल्यावर मला भाकरी थापताना रडू याय लागलं. भाकरी काठवटीत, पीठ हाताला, आन डोळ्यांतनं धार. तोंडाला चव न्हाय. कुणी बोललं तरी नको वाटायचं. अंगावर कुणी पोतं टाकलंय असं दिसभर.

मला माझाच राग यायचा. गल्लीत कुणाचा नवरा पिऊन मारतोय, कुणाचं पोर गेलंय, त्या बाया हसत्यात, भांडत्यात, कामाला जात्यात. आन हिला काय झालंय? हिचं पोरगं पगार आणतंय आन ही मुळूमुळू रडतीया. सुखाचं अन्न पचंना हिला. नागुबाई म्हणाली, देवरुशाकडं जाऊ, कुणीतरी करणी केलीया. मी म्हटलं, "गप ऱ्हा, सत्यानं ऐकलं तर तुलाच झाडंल." पण मनात म्हटलं, करणी असती तर बरं झालं असतं. दुसऱ्याच्या माथी मारता आलं असतं.

सत्या एका रविवारी आला आन मला बघितलं. दुसऱ्या दिशी रजा टाकून मला बशीत बसवलं आन बेळगावला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. मी रस्ताभर त्याच्याशी भांडले. मी काय येडी हाय? संकेश्वर आलं, हत्तरगी आलं, माझं तोंड चालूच. तो खिडकीतनं भाईर बघत बसला.

डॉक्टर तरणाच व्हता, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचा. कधीपासनं रडू येतं, जेवण जातं का, असं इचारलं. "सकाळी जास्त त्रास होतो का संध्याकाळी?" मी म्हटलं, सकाळी लई वंगाळ, दिस वर चढला की जरा बरं. "झोप कशी आहे?" मी म्हटलं, झकास. कामाला पहाटं उठते, समद्या गल्लीला उठवते. ते सांगताना माझी मान जरा ताठच झाली. त्यानं कागदावर काय की खरडलं आन गोळ्या दिल्या. बारक्या गोळ्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.

"रात्री झोपताना एक. लगेच गुण येणार नाही, काही आठवडे जातील. तोंड कोरडं पडेल, सुस्ती येईल. घाबरायचं नाही, आणि मधेच सोडायची नाही."

गल्लीत इचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, पित्ताची गोळी. पित्त समद्यांना असतंय. सत्याला ते आवडलं न्हाय, पण तो गप बसला. पोरगं शिकल्यालं असलं तरी आईच्या फुडं किती बोलणार.

समदं आवरून, भांडी घासून, दार लावून मी गोळी घ्यायची. पयल्या दिशीच असली झोप लागली म्हणताय! लहानपणी जत्रंतनं दमून आल्यावर लागायची तशी. दोन-चार दिस तशीच अडखळत उठले, भिंतीला धरून काठी शोधली, गल्ली उठवली. आन मंग एक दिस डोळं उघडलं ते नागुबाई माझं दार फोडत व्हती म्हणून. कौलाच्या फटीतनं ऊन माझ्या तोंडावर. भाईर भोंगा वाजत व्हता.

काय ती धावपळ! कुणाच्या केसाला फणी न्हाय, कुणाच्या पोटात चहा न्हाय, पोरं रडत मागं. आम्ही पळत वखारीवर गेलो तवर फाटक बंद. भरमू आत हुबा. बाया हातापाया पडल्या. तो म्हणाला, "समदी गल्लीच झोपली व्हय? काय लगीन व्हतं राती?" आन हसला. त्याला काय, हसाय पगार मिळतोय.

आम्ही रस्त्याच्या कडंला बसलो. कुणी मला काय बोललं न्हाय आधी, तेच वाईट. मंग नागुबाईचं तोंड सुटलं. "तुला उठवाय हुत न्हाय तर सांगायचं व्हतं! तुझं काय बाई, तुझं पोरगं कमवतंय. आमच्या पोटावर पाय का देतीस?" मी म्हटलं, ताप आलता. धडधडीत खोटं. गंगव्वा माझ्या शेजारी बसल्याली. ती माझी भिंतीला भिंत शेजारीण. नवरा गोव्याकडं खाणीत, आला तर आला, आन तीन पोरं हिच्या गळ्यात. त्या दिशी तिच्या घरात खायाला काय व्हतं ते मला ठाव व्हतं, कारण आदल्या दिशी तिनं माझ्याकडनंच पीठ नेलतं. ती मला काय म्हणाली? माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आक्का, बरी हायस न्हवं?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला जमिनीत जावं असं झालं.

घरला येऊन इचार केला. डॉक्टर म्हणाला, झोपताना. पण डॉक्टरला वखार कुठं ठाव हाय? गोळी झोप आणती, मंग ती राती घेऊन कसं चालंल? आपुन सकाळी घेऊ. गल्ली उठवायची, चहाबरोबर गोळी टाकायची, आन कामाला जायाचं. उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला झोप कशी लागंल? झालं, आमची येळ आम्हीच ठरवली. लई अक्कल माझी!

तंबाखू चाळायची म्हंजे दिसभर एका लयीत हात हालवायचा. पाळण्यासारखंच ते. वखारीत अंधार, धूळ, वर पत्रं तापल्यालं. माझी मान खाली जायाची आन चाळणीवर आपटायची. घसा असला कोरडा की थुकीसुदिक गिळवत न्हवती, वरनं तंबाखूचा खकाणा. भरमू मागनं म्हणायचा, "शेवंताबाई, रातीचं कुठं जाता?" बाया हसायच्या. मीबी हसायची. काय करणार.

मंग एक दिस चाळल्याली तंबाखू ढिगावर टाकायची व्हती. दोघींनी मिळून तागाचं फडकं चारी कोपऱ्यांनी धरायचं, वर उचलायचं आन एकदम उपडं करायचं. नागुबाई त्या टोकाला, मी ह्या टोकाला. ती म्हणाली, "हं, उचल." मी उचललं म्हणं. मला आठवत न्हाय. माझे हात सुटले. समदी बारीक तंबाखू नागुबाईच्या तोंडावर, डोळ्यांत. ती ओरडली ते पार रस्त्यापतोर ऐकू गेलं. आम्ही तिला नळाखाली बसवलं, पाणी मारलं, मारलं, मारलं. डोळं लाल भडक, सुजून बटाटं झाल्यालं. तिला काय दिसंना. ती म्हणत व्हती, "आक्का, मला दिसंना गं, माझं कसं व्हायचं." मला शिव्या घालणारी नागुबाई, आन माझाच हात धरून बसल्याली.

डोळं गेलं न्हाईत, देवाची म्हणा कुणाची म्हणा, मेहरबानी. पण ती कैक दिस घरात अंधारात बसून व्हती, आन मी तिच्याकडं भाकरी घेऊन जायाची तवा दाराशीच घुटमळायची. ती म्हणायची, "तुझा काय दोष, निसटलं हातनं." दोष माझाच व्हता. ते एका गोळीला आन मला ठाव व्हतं. त्याच दिशी मी गोळ्या घेणं बंद केलं. डबीत ठेवल्या, डबी डाळीच्या डब्यामागं सारली. मी रडले तर माझं मी रडंन. दुसऱ्याचं डोळं जात न्हाईत त्यानं.

आन काय सांगू, जाग परत आली. मला वाटलं, आलं की समदं ठिकाणावर! गल्ली खूश. कुणाचा खाडा न्हाय. नागुबाई कामाला लागल्यावर माझ्यासाठी वाटीभर आंबील घेऊन आली, म्हणाली, "आक्का परत पयल्यासारखी झाली बघ." बाया मला देवी असल्यागत बघाय लागल्या.

खरं काय व्हतं ते कुणाला सांगू? जाग यायची ती समदं जग मेल्यालं असताना. मंग काठी घ्यायच्या येळंपतोर नुसतं आढ्याकडं बघत पडायचं. छातीवर कुणी बसल्यालं. केल्यालं, न केल्यालं, समदं रांगेत हुबं ऱ्हायचं. नवरा दवाखान्यात शेवटला पाणी मागत व्हता आन मी घोटभरच दिलं, नर्सबाई वरडती म्हणून. सत्याला एकदा पाटी फोडली म्हणून मारलं. नागुबाईचं डोळं. एकेक येऊन म्हणायचं, तू कशाला हायस? गल्ली उठवून झाली की मी हिरीवर पाणी आणाय जायाची. एक दिस कळशी भरल्यावर मी काठावर हुबीच ऱ्हायले, खाली बघत. पाणी काळं, गप. मला वाटलं, आता बास. मंग मागनं कुणी तरी आलं कळशी घेऊन आन मी वळले. त्या दिशी मी तंबाखू इतकी चांगली चाळली की भरमूनं सुदिक नाव घेतलं.

सत्या आला. त्यानं घरात पाऊल टाकलं, माझ्याकडं बघितलं, आन चप्पल न काढता तसाच हुबा ऱ्हायला. "आई, गोळ्या बंद केल्यास?" मी म्हटलं, न्हाय. "आई." मी म्हटलं, व्हय. बंद केल्या. मंग माझं तोंड सुटलं. तुमचा डॉक्टर शाणा, तुमच्या गोळ्या शाण्या, इथं गल्ली उपाशी मराय लागली, एका बाईचं डोळं जाता जाता ऱ्हायलं, आन मला सुखात निजायचं हाय व्हय? तो ऐकत व्हता. मंग खाली बसला आन हमसून हमसून रडाय लागला. एवढा मोठा पोरगा, हापिसात साहेब म्हणत्यात त्याला. म्हणाला, "मी बेळगावला गेलो म्हणून झालं का गं हे? मी तुला एकटी टाकली म्हणून?"

बघा म्हंजे. मला वाटत व्हतं अपराधी मी, आन पोरगं वर्सभर तेच ओझं बेळगावात घेऊन फिरत व्हतं. मी त्याला जवळ घेतलं. हिरीचं मात्र सांगितलं न्हाय. ते तिकडं डॉक्टरपाशी सांगितलं, सत्याला भाईर पाठवून.

डॉक्टर रागावला न्हाय. मी तयारीनं गेलते भांडाय, तो भांडंचना. हिरीचं ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं आन म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." मंग इचारलं, "पहाटे जाग येते म्हणालात. नेमकी कधी?" मी सांगितलं. "मग लगेच उठता?" न्हाय, पडून असते. "काय वाटतं तेव्हा?" तेबी सांगितलं, पाण्याचं, पाटीचं, समदं. तो म्हणाला, "बाई, याला लवकर उठायची सवय म्हणत नाहीत. हीच तर या आजाराची खूण आहे. मागच्या खेपेला तुम्ही झोप झकास म्हणालात."

मला पटायला येळ लागला. मंग डोस्कं भडकलं. "म्हंजे आमची गल्ली एवढी वर्सं माझ्या आजारावर उठत व्हती व्हय?"

डॉक्टरला हसू आलं. मलाबी आलं, लई दिसांनी. पण घरला येताना बशीत ते हसू विरलं. ज्या गोष्टीसाठी गल्लीनं मला डोक्यावर घेतलं, ती माझी व्हतीच न्हाय म्हणायची. आन बरं व्हायचं म्हंजे ती सोडायची.

येळंचं त्यानं असं सांगितलं. सकाळी घ्यायची न्हाय, चाळणीवर डुलक्या येणारच. राती समदं आवरून उशिरा घेतली तर सुस्ती सकाळी अंगात ऱ्हाती. "दिवेलागणीला घ्या. जेवण लवकर करा, लवकर झोपा. म्हणजे कामाच्या वेळेपर्यंत उतरेल. पण वेळ मनानं बदलायची नाही, आणि बंद तर अजिबात नाही. अडलं तर मला विचारायला या. भांडायला आलात तरी चालेल." सत्यानं बाजारातनं गजराचं घड्याळ घेतलं, भोंग्याएवढा आवाज करणारं. म्हणाला, गल्लीला हे उठवंल, तू निज.

आता गल्लीला सांगायचं व्हतं. दिवेलागणीला दिवा लावायचा, तोंडात गोळी टाकायची आन त्याच येळंला बाया माझ्या दाराशी निवडण घेऊन बसत्यात. लपवणार कुठं? म्हणून एक दिस संध्याकाळी समद्या बसल्या असताना मी त्यांच्यादेखत गोळी घेतली, वर पाणी प्यालं आन म्हटलं, "ही पित्ताची न्हवं. डोक्याची हाय. हिच्यापायी त्या दिशी तुमचा खाडा पडला. हिच्यापायी नागुबाईचं डोळं सुजलं. ताप बीप काय आला न्हवता मला. आन आता मी गल्ली उठवणार न्हाय."

भुईमुगाच्या शेंगा फोडायचासुदिक आवाज थांबला. मला वाटलं, आता ह्या उठून जाणार, आन परत माझ्या हातचं पाणी प्यायच्या न्हाईत. मंग नागुबाई म्हणाली, "म्हंजे तू येडी हायस. ते मला कवाधरनंच ठाव हाय. नवीन काय ते सांग." बाया हसल्या. मी रडले. नागुबाई म्हणाली, "माझं डोळं घालवलंस ते पोळ्या घालून फेड. बेंदराच्या दिशी. तुपात बुडवून." इतकंच. मी एवढं वर्स मेले ज्याच्या भ्यानं, ते ह्या बाईनं पोळीवर मिटवलं.

मंग सवाल आला घड्याळाचा. ठेवायचं कुणाकडं? चावी कोण देणार, हाका कोण मारणार? नागुबाई म्हणाली, "गंगव्वाकडं द्या. तिला घड्याळ तरी कशाला? जागीच असती ती. आक्काची काठी आपटायच्या आधी आतनं 'उठले' म्हणती. माझ्या घरात ऐकू येतंय."

समद्या व्हय व्हय म्हणाल्या. गंगव्वानं शेंगा सुपात सारल्या आन मान हालवली. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघंना.

झोपंतनं उठल्याल्या माणसाचा आवाज कसा जड असतोय, चिखलातनं पाय काढल्यावानी. गंगव्वाचा कवाच तसा न्हवता. रोज, थंडीत, पावसात, तिचं "उठले गं आक्का" कोरडं, लख्ख यायचं. ते मला कळत न्हवतं व्हय? मीबी तशीच पडून असायची की भिंतीच्या ह्या अंगाला. पण मला बरं वाटायचं, एका दारात तरी थांबाय लागत न्हाय म्हणून. नागुबाईला मी म्हणायची, गंगव्वाकडनं शिक जरा. वर आन तिचं कौतुक.

दुसऱ्या दिशी वखारीतनं आल्यावर मी तिच्या घरी गेले. पोरं भाईर खेळत व्हती. ती चुलीपाशी बसल्याली, चूल पेटवल्याली न्हाय. मी सरळच इचारलं, "कवापासनं झोप न्हाय तुला?"

"लागती की."

"गंगे."

ती चुलीतली राख बोटानं सारत बसली. मंग म्हणाली, "धाकटा झाल्यापासनं." धाकटा आता साळंत जातोय.

"त्या दिशी जवा खाडा पडला, मी उठले न्हाय, तवा तू जागी व्हतीस?"

"व्हय."

"दिस उगवताना बघितलास?"

"व्हय की."

"मंग उठली का न्हाईस? दुसऱ्यांना उठवलं का न्हाईस? पोरं उपाशी ऱ्हायली तुझी."

मी आवाज चढवला, माझं असंच हाय, रडू आलं की मी वरडते. तिनं वर बघितलं. "तुझी हाक आली न्हाय न्हवं," ती म्हणाली. "मी वाट बघत व्हते. हाक आली की कसं तरी उठवतंय. न्हाय आली. मंग कशाला उठायचं ते कळंना. पडून ऱ्हायले. फाटकापाशी तुला बघितलं आन वाटलं, तुलाबी तसंच झालं का काय. म्हणून इचारलं."

त्या दिशी तिनं माझ्या हातावर हात ठेवलता तवाबी मी तापाचं खोटं तसंच ठेवलं. खरं बोलले असते तर ती तिथंच बोलली असती, रस्त्याच्या कडंला. मी डबी डाळीच्या डब्यामागं सारली तवा ती भिंतीच्या पल्याड जागीच व्हती.

घड्याळ नागुबाईकडं गेलं. ती गजर झाला की आधी घड्याळाला शिव्या घालती, मंग गल्लीला. गल्ली उठती.

आन रजा मिळाली त्या दिशी मी गंगव्वाला बेळगावला घेऊन गेले. पोरं नागुबाईकडं. बशीत ती मुकाट बसली. भांडली सुदिक न्हाय माझ्यागत, भांडाय तेवढं तरी बळ लागतंय. डॉक्टरनं तिला खुर्चीत बसवलं, मला बाजूच्या बाकावर. नाव इचारलं, पोरं किती ते इचारलं. मंग म्हणाला, "झोप कशी आहे?"

गंगव्वानं पदर बोटाला गुंडाळला. माझ्याकडं एकदा बघितलं. मंग हळूच म्हणाली, "चांगली हाय. ही आक्का रोज उठवायची मला."

डॉक्टर लिहाय लागला.

"लिहू नका साहेब," मी म्हटलं. "मी हिला कवाच उठवलं न्हाय. ही जागी व्हती. मी रोज हिच्या दारात येत व्हते, आन मला ठाव व्हतं."